पाठमोरे सर आणि आयची गाठ

आमच्या हेडसरांचा चेहरा आठवायला मला जरा थांबावं लागतं. पाठ मात्र लगेच दिसते. खाकी शर्ट, मानेखाली घामाचा ओला पट्टा, डोक्याच्या वर धरलेले दोन हात आणि त्या हातांत दोरी. सर गाठी शिकवायचे ते वर्गाकडे पाठ करून. नवीन मुलांना वाटायचं सर रागावलेत. मग सर भिंतीशीच बोलल्यासारखे ओरडायचे, "समोर तोंड करून शिकवलं की माझं उजवं ते तुमचं डावं होतं! अर्धी दुनिया म्हणूनच उलटी शिकलीय. हातांकडे बघा, माझ्या थोबाडात काय ठेवलंय?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. आधी त्यांची विद्यार्थिनी म्हणून, आणि पुढे त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षिका झाले तेव्हा बाजूच्या वर्गातून. ज्या माणसाला ही गोष्ट इतकी पक्की ठाऊक होती, त्याच माणसाने कोर्टात उभं राहून ती विसरावी, याचं मला आजही नवल वाटतं. आणि माझं स्वतःचं तर त्याहून वाटतं, कारण मी विसरले नव्हते.

सर घाटावरचे. बदली होऊन किहीमच्या पुढच्या आमच्या गावात आले ते इथलेच झाले. शाळेचे हेडमास्तर आणि स्काउटमास्तर दोन्ही तेच. खिशात कायम हातभर दोरी. तुम्ही रजेचा अर्ज घेऊन गेलात की ते तुमचं ऐकता ऐकता टेबलाखाली गाठी मारत बसणार. दोरीवर बोट ठेवून म्हणणार, "घरी आजारी कुणी नाही गं तुझ्या. पण जा." लोकांच्या बांधलेल्या वस्तू त्यांना बघवायच्या नाहीत. वाण्याच्या दुकानात गेले की पुड्याचा दोरा सोडून पुन्हा बांधायचे. वाटेत कुणाची म्हैस दिसली की तिचं दावं तपासायचे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर कहर केला. भटजींनी शेला-पदराची गाठ मारली, फेरे सुरू होणार तेवढ्यात सर पुढे झाले. "अहो, ही फेऱ्यांत सुटेल," म्हणत त्यांनी नवरा-नवरीला थांबवून गाठ सोडली आणि स्वतः घातली. भटजी लालबुंद. आमची आत्या म्हणाली, "काय येडा मास्तर हाय ओ ह्यो!" पण ती गाठ रात्री सोडायला नवऱ्याच्या मामाला सुरी आणावी लागली.

समुद्राची त्यांना भयंकर भीती. पोहता येत नव्हतं. वर्षातून एकदा कामासाठी मुंबईला जावं लागायचं तेव्हा मांडव्याहून लाँचमध्ये बसले की डोळे मिटून, दोरी मुठीत धरून बसायचे. मुलांनी त्यावरून किती नकला केल्या असतील! आणि इतकी वर्षं कोळीवाड्याला लागून राहून ते कधी होडीत चढले नाहीत, की कधी कुणाच्या ओटीवर बसून जाळं विणताना त्यांनी पाहिलं नाही. गाठी त्यांना पुस्तकातून यायच्या. त्या आमच्या घराघरांत रोज पडत होत्या, पण तिकडे सर कशाला वळतील?

त्यांचं एक लाडकं बोलणं होतं. "माणूस खोटं बोलतो. हात खोटं बोलत नाही."

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. सरांनी दोन दोऱ्या जोडायची गाठ शिकवली. आम्ही कोळ्यांची पोरं एकमेकांकडे बघून हसलो, कारण ती तर जाळ्याची गाठ. ती मला चालता यायला लागल्यापासून येत होती. मी पटकन मारली आणि दाखवली. सरांनी दोरी हातात घेऊन नाकाशी धरली. "उलटी आहे ही. डावरी आहेस का तू?" मी म्हटलं, न्हाय. "न्हाय नाही, नाही म्हण. मग वेढा उलटा कुठून आला?"

वेढा आयकडून आला होता. आमच्यात पोरीला जाळं शिकवतात ते समोर बसवून. आय आपल्या पायाच्या अंगठ्यात फास अडकवते, तुझ्या अंगठ्यात दुसरा, आणि म्हणते, बघ. सुई तुझ्या उजव्या हातातच असते, पण वेढा तू न्यायचा तो आयचा जाताना दिसतो त्या बाजूला. म्हणजे बरोबर उलटा. ज्या घरात आजी मागून कवेत घेऊन शिकवते तिथे सुलटा. गाठ दोन्ही तेवढीच पक्की बसते, मासळी दोन्हींत तेवढीच अडकते, त्यामुळे कोळीवाड्यात याचा विचार कुणी जन्मात केला नव्हता.

पण हे सगळं सहावीतली मुलगी सरांना सांगणार कशी? छडीचे दोन फटके बसले आणि शंभर वेळा सरळ गाठ मारून दाखवायची शिक्षा झाली. मी दोनशे वेळा मारली. न्हायचं नाही झालं, आयची आई झाली, आणि गाठ सुलटी झाली. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, ते कशाला लपवू?

आता हरेशचं सांगते. हरेश आमच्या घरापासून चौथ्या घरातला. बोटीवर खलाशी होता आणि डावखुरा. गावाच्या वरच्या अंगाला नारळ-सुपारीची एक वाडी होती, तिथे एक म्हातारं जोडपं एकटं राहायचं. एका सकाळी दोघंही गळा आवळून मारलेले सापडले. नायलॉनची दोरी अपुरी पडली म्हणून दोन तुकडे जोडले होते, आणि जोड होता जाळ्याच्या गाठीचा. आदल्या संध्याकाळी हरेश वाडीत मासळी द्यायला गेला होता. फाटकातून बाहेर पडताना त्याला रस्त्यावरच्या दोघांनी पाहिलं होतं. पोलिसांनी त्याला उचलला.

हरेशने ते केलं नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हाही सांगू शकत नव्हते. त्या म्हातारीने मला लहानपणी खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. ज्याने कुणी हे केलं त्याला मी शिव्याशाप दिलेत. मला ठाऊक होतं ते एवढंसं होतं, आणि ते होतं गाठीबद्दल.

गाठीतलं जाणणारा कोण, म्हटल्यावर पोलीस सरांकडे आले. सरांची ती मिरवणूकच! दोरीचा फोटो त्यांनी तीन दिवस भिंगाखाली पाहिला. मग म्हणाले, "उलटी गाठ आहे. डावऱ्याचीच. पण मी असा बोलून मोकळा होणारा माणूस नव्हे. प्रयोग करतो." आणि खरंच केला हो. शाळेतल्या एकूण एका पोराला, शिक्षकांना, शिपायाला हॉलमध्ये बोलावून गाठ मारायला लावली. वहीत नाव, हात उजवा की डावा, गाठ सुलटी की उलटी, आणि समोर सही. उजव्या हाताच्या सगळ्यांची गाठ सुलटी. सात डावखुरे होते, त्या सातांची उलटी. सरांचे डोळे चमकत होते.

अहो, का नाही होणार तसं? तो सगळा हॉल सरांनीच शिकवलेला होता, नवे शिक्षक आणि शिपायासुद्धा. पाठमोरं उभं राहून, पोरांना तर छडी मारून.

माझी पाळी आली. समोर सर, भिंग, वही. मी दोरी घेतली आणि मनात आलं, सांगावं. सर, घरी मी ही दुसरीच मारते. पण हात तोवर आपोआप सरांच्या वळणाने गेला होता. बाजूला नवे शिक्षक उभे होते, अलिबागचे, शहरी. त्यांच्यासमोर मी अजून कोळणीसारखी गाठ मारते हे सांगायची मला लाज वाटली. हो, लाजच. भीती वगैरे काही नव्हती. मी वहीत सही केली आणि पुढच्या तासाला गेले.

खटल्याच्या दिवशी मी हरेशच्या आयबरोबर जिल्ह्याच्या कोर्टात गेले, कारण तिला एकटीला तिथलं काही उमगलं नसतं. सर इस्त्रीचा कोट घालून आले होते. सरकारी वकिलाने त्यांना तज्ज्ञ म्हटलं तेव्हा त्यांनी मान किंचित वर केली. न्यायाधीशांना नीट दिसावं म्हणून त्यांनी त्यांच्याकडे पाठ केली, हात वर धरले आणि गाठ मारून दाखवली. पट्टेवाला धावला, "ओ, साहेबांकडे पाठ करायची नाही." लोक हसले. पण साहेब म्हणाले, राहू द्या, दिसतंय. सर म्हणाले, "ही गाठ डावखुऱ्या माणसाखेरीज कुणी घालू शकत नाही. शंभर टक्के. मी सबंध शाळा तपासलीय. हात खोटं बोलत नाही." वही पुरावा म्हणून जमा झाली. त्यात माझीही सही होती.

हरेशच्या आयने माझं कोपर हलवलं. "बाय," ती हळूच म्हणाली, "आवो, आशीच तं मी पन मारतंय. मी कुटं डावरी हाय?"

मी म्हणाले, "गप बस. कोर्ट आहे."

हरेशला वकील सरकारने दिलेला. तो त्याला एकदाच भेटला होता, तेही जेलच्या दारात. न्यायाधीशांनी विचारलं, उलटतपास? वकील अर्धवट उठून म्हणाला, प्रश्न नाहीत, आणि पुढच्या केसचे कागद चाळायला लागला. एकच प्रश्न पुरला असता. तुम्ही तपासलेल्यांपैकी तुमच्या हाताखाली न शिकलेला माणूस किती? एवढाच. कायद्याने विचारायची संधी दिली होती, ती कागदावर नोंदलीही गेली.

निकालात लिहिलं होतं की गुन्हा दुर्मिळातला दुर्मिळ आहे. फाशी. हरेश आधी न्यायाधीशांकडे, मग आमच्याकडे बघत राहिला, कुणीतरी त्याला सोप्या भाषेत सांगावं याची वाट पाहत. त्याच्या आयने मला विचारलं, "काय म्हनतान साहेब?" ते तिला मी सांगितलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले नाहीत, पण वर्तमानपत्राचं कात्रण ऑफिसात लावलं. मी रोज त्याच्याखाली हजेरीची सही करायचे.

असं दीड वर्ष गेलं आणि चक्रीवादळ आलं. वाड्या आडव्या झाल्या, आमची पत्रे-कौलं उडाली, अर्धा कोळीवाडा शाळेच्या हॉलमध्ये राहायला आला. पाऊस थोडा थांबल्यावर बायकांनी फाटलेली जाळी आणून तिथेच दुरुस्तीला घेतली. सर निवृत्त झाले होते, तरी शिट्टी घेऊन शिस्त लावायला आलेच. मी भाताचं पातेलं उतरवत होते. पाहते तर सर हॉलच्या मधोमध उभे, शिट्टी तोंडात तशीच. समोर एक बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची पोर. समोरासमोर, अंगठ्याला अंगठा. पोरीची सुई उजव्या हातात.

सर खाली बसले. त्या ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटीसकट. एका जाळ्याकडून दुसऱ्या जाळ्याकडे सरकत गाठी बघत गेले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मास्तर, जालं इकत घेताय का ओ, तपासताय ते?" कुणाला काय ठाऊक. तासाभराने ते माझ्याकडे आले. म्हणाले, "समोरासमोर शिकवतात गं ह्या."

"हो सर."

"तुझ्या आईनेही तसंच शिकवलं?"

"हो सर."

त्यांनी खिशातून दोरी काढली, माझ्या समोर मांडी घातली आणि म्हणाले, "मला शिकव."

उभ्या जन्मात त्यांनी मला समोरून गाठ शिकवली नव्हती. मी त्यांना शिकवली. त्यांचा हात तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर उलटा गेला. उजवा हात. ते गाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तुला तेव्हा येत होतं? वहीत सही केलीस तेव्हा?"

"मला सहावीत येत होतं सर. तुम्हीच छडी मारून सोडवलंत."

त्यांना ते आठवत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी," आणि ती गाठ सोडायला लागले. भातावरचं झाकण उघडंच राहिलं होतं, ते मी उठून लावलं.

त्यानंतरचे सर वेगळेच. फाशी कायम करायची की नाही हे मुंबईचं वरचं कोर्ट ठरवतं, म्हणून ते मुंबईला खेटे घालू लागले. समुद्राला भिणारा माणूस दर आठवड्याला लाँचमध्ये बसायचा, डोळे मिटून, ओकायला कागदी पिशवी घेऊन. एका चांगल्या वकीलबाईंनी हरेशचं काम फुकट घेतलं होतं, त्यांच्या दारात जाऊन बसायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "शपथेवर चुकीचं सांगितलं म्हणून तुमच्यावरच केस होऊ शकते." सर म्हणाले, "व्हावी. मीच तिचा पहिला साक्षीदार होईन." एकाच उजव्या हाताने दोन्ही गाठी मारून त्यांनी लाकडी फळीवर डकवल्या आणि प्रतिज्ञापत्राबरोबर ती फळीही दाखल करून घ्या म्हणून हट्ट धरला. वरच्या कोर्टाने शेवटी म्हटलं की या तज्ज्ञाला पुन्हा उभं करा, उलटतपास होऊ द्या, आणि ते नोंदवून आमच्याकडे पाठवा.

तारीख पडली, पुढे गेली. पुन्हा पडली, सरकारी वकील आजारी. तिसऱ्या तारखेच्या अकरा दिवस आधी सर घरात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मी पोचले तेव्हा त्यांच्या मुठीत दोरी होती. मी बोटं उघडून काढून घेतली.

सरकारी वकील म्हणाला की माणूस गेला, आता त्याचं प्रतिज्ञापत्र म्हणजे कागद, त्याला प्रश्न कुणी विचारायचे? जुनी साक्ष मात्र शपथेवरची आहे, उलटतपासाची संधी दिली होती, ती राहील. म्हणजे सरांचं खोटं जिवंत राहिलं आणि खरं त्यांच्याबरोबर गेलं. वकीलबाई माझ्याकडे आल्या. तुम्ही याल का, एवढंच विचारलं.

मी गेले. जिल्ह्याच्या त्याच कोर्टात हरेश आरोपीच्या पिंजऱ्यात होता, केस पिकलेले. मला दोरी दिली. मी उभ्याने गाठ मारली, तर ती सुलटी पडली. सरांची. सरकारी वकील हसला. "बाई, हात खोटं बोलत नाही असं तुमचे सरच म्हणायचे ना?"

मी न्यायाधीशांना म्हटलं, "साहेब, मला खाली बसू द्या. आमच्यात ही गाठ बसून मारतात." त्यांनी मान हलवली. मी चप्पल काढली, फरशीवर बसले, अंगठ्यात फास अडकवला. समोर माझी आय बसली आहे असं मनात आणलं. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण तिचे हात मला दिसले. वेढा ती नेते तिकडे नेला. एक, दोन, दहा गाठी मारल्या. दहाही उलट्या, खटल्यातल्या दोरीसारख्या. उजव्या हाताने. साहेबांनी उठून वाकून पाहिलं आणि तसं लिहून घ्यायला सांगितलं.

सरकारी वकिलाने विचारलं, "हे तुम्हाला पहिल्या खटल्याच्या वेळी माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

मी म्हणाले, "लाज वाटली." तेही लिहून घेतलं गेलं.

ती नोंद मुंबईला गेलीय. वकीलबाई म्हणतात की आशा आहे. निकाल अजून यायचाय.

त्या दिवशी बाहेर पडवीत पोलीस हरेशला गाडीकडे नेत होते. मी उभी होते तिथे तो थांबला. शिपायानेही थांबू दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण आधी तोच बोलला. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"आयनं तुला तवाच सांगितलेलं ना, कोर्टान? तिनं मना जेलान येऊन सांगितलं. दर टायमाला भेटाय आली का म्हनायची, भिऊ नको, बायला ठाव हाय. बाय मास्तरीण हाय, ती बोलेल."

मी म्हटलं, "व्हय."

"सा वर्सां वाट बघितली तुझी," तो म्हणाला, आणि शिपायाबरोबर गाडीत चढला.